पाठमोरे व्यक्तिचित्र

अधिकार नसताना हे लिहीत आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागते. चित्रकलेविषयी चार शब्द लिहावेत असे माझ्या हातून काही घडलेले नाही. माझे एकही चित्र कोणत्या प्रदर्शनात लागलेले नाही आणि ज्या पदवीसाठी मी चार वर्षे श्रीरामपूरजवळच्या बेलापूरहून नगरला ये-जा केली ती पदवीही अजून माझ्या हाती आलेली नाही. बेचाळिसाव्या वर्षी कला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात जाऊन बसलेल्या बाईने आधी पदवी घ्यावी आणि मग बोलावे, हे मला समजते. तरीही लिहिते, कारण पदवी माझ्या एका चित्रापाशी अडली आहे आणि ते चित्र बदलण्याची माझी तयारी नाही. तोंडाने सांगू लागले की माझी वाक्ये अर्ध्यावर तुटतात. लिहिताना ती पुरी होतात, एवढाच या धाडसाला आधार.

मी अर्थशास्त्राची एम.ए. आहे. श्रीरामपूरच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. शिकवायचे म्हणजे काय, तर बहुतेक वेळ फळ्याकडे तोंड करून मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायच्या. विद्यार्थ्यांनी माझ्या चेहऱ्यापेक्षा माझी वेणीच अधिक पाहिली असेल. त्या रेषा मात्र मला मनापासून आवडत. पुढे तासिका बंद झाल्या, तेव्हा मी घरात कोणाला न सांगता कला महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसले आणि उत्तीर्ण झाले. मग सांगणे भागच होते.

आमचे कुटुंब एकत्र आहे. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, माझे पती आणि मी. ऊस, कांदा, गोठ्यात गाई. माझी मुलगी तेव्हा शिक्षणासाठी पुण्याला होती. संध्याकाळी चहा देताना मी बातमी सांगितली.

"चित्रं?" सासूबाई म्हणाल्या. "म्हंजी लग्नाच्या घरी भिताडावर काढत्यात तसली?"

"आगं, आता ह्या वयात डबा घिऊन शाळंत जायाचं व्हय?" जाऊबाई हसत सुटल्या. "गणवेश कोनता हाय गं? फ्राक का सलवार?"

पतींनी समजुतीच्या सुरात विचारले, "हौस असेल तर एखादा क्लास लाव. पदवी कशाला पाहिजे?"

"हौस नाही," मी म्हणाले. "पदवीच पाहिजे."

त्या घरात त्या दिवसापर्यंत मी सलग बोललेले हे सर्वांत ठाम वाक्य होते. मग बाहेरच्या ओट्यावरून खाकरण्याचा आवाज आला आणि मी डोक्यावर पदर ओढून आतल्या दाराकडे वळले. थोरले दीर आत आले. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात.

येथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर बसायचे नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहायचे नाही, त्यांच्याशी थेट बोलायचे नाही. ते आले की तिने पाठमोरे व्हायचे. ही रीत एकट्या तिच्यासाठी नाही, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. थोरल्या दिरानेही ती तेवढीच पाळायची असते. आत येण्याआधी खाकरायचे, तिच्याकडे न बघता बोलायचे आणि काही सांगायचे असेल तर तिसऱ्या माणसाला सांगायचे, तिसरे कोणी नसेल तर भिंतीला. दादांनी ती माझ्या लग्नापासून कधी मोडली नव्हती. त्या संध्याकाळी ते खुंटीकडे तोंड करून म्हणाले, "नगरची पयली एसटी किती वाजता हाय, बघून ठिवा म्हनावं."

परवानगीचा विषय तेथेच संपला.

एसटीतल्या प्रवासात मला माझा विषय सापडला, असे आता मागे वळून पाहता वाटते. तेव्हा विषय वगैरे काही कळत नव्हते. वर्गात रोज स्केचेस मागत आणि मला कोणाला "जरा बसता का समोर?" असे विचारण्याचा धीर होत नसे. माझे सहाध्यायी मुलीच्या वयाचे. ते चहाच्या टपरीवाल्याला, हमालाला, प्राचार्यांनाही बिनदिक्कत बसवीत. मी एसटीत मागच्या बाकावर बसे आणि राहुरी येईपर्यंत पुढच्यांच्या पाठी काढी. पाठ तक्रार करीत नाही, कागदात डोकावत नाही. टोपीखाली दुमडलेली मानेची कातडी, आंबाड्यात खोचलेला कंगवा, खांद्यावरचा टॉवेल, डुलकी लागली की एका बाजूला कलणारे डोके. हळूहळू मला कळू लागले की माणूस चेहरा सावरतो, हसू आणतो, राग लपवतो. पाठ सावरायचे त्याला सुचतच नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी वर्ग खर्ड्याला नेला, भुईकोट किल्ला रंगवायला. सर माझ्याहून वयाने लहान, स्वभावाने मोकळे आणि शिकवण्यात प्रामाणिक. ते मला ताई म्हणत. मी बुरूज, तटबंदी, दरवाजा सगळे मापात बसवले. चित्र अगदी शाळेच्या ड्रॉइंगच्या परीक्षेत पहिले यावे असे झाले. सरांना ते आवडले. पण त्याच दुपारी किल्ल्याजवळच्या रस्त्यावरून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचा ट्रॅक्टर गेला होता. ट्रॉलीत संसार रचलेला, वर बायका गाठोड्यांना टेकून बसलेल्या, आणि मला दिसल्या त्या त्यांच्या पाठी. ही माणसे पुढे आमच्याच भागात येतात, पाचटाच्या कोप्या बांधून राहतात, आमचाच ऊस तोडतात. मी किल्ल्याच्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ती ट्रॉली काढली होती. पोर्टफोलिओसाठी, म्हणजे परीक्षेला द्यायच्या संचासाठी, चित्रे निवडताना सर म्हणाले, "कोपरा खोडून टाका, किल्ला ठेवा." मी घरी जाऊन कोपरा कापून ठेवला आणि किल्ला काढून टाकला. सरांना हे सांगायला मला पुष्कळ दिवस लागले.

चौथ्या वर्षाच्या आरंभी प्रत्येकाने नियोजनाचा तक्ता करायचा असतो. कोणत्या महिन्यात कोणता अभ्यास, माध्यम कोणते, कागद केवढा, रफ स्केचेस केव्हा, पक्के चित्र केव्हा, आणि शेवटी पोर्टफोलिओत काय ठेवायचे. तक्ता करण्यात मला कोणी हरवणे शक्य नव्हते. सोयाबीनची काढणी, दिवाळी, उसाची तोड, कांद्याची लागवड, घरातली दोन लग्ने, या सगळ्यांच्या मधल्या फटी मी हेरल्या आणि त्यांत चित्रे बसवली. निळ्या शाईने महाविद्यालय, हिरव्या शाईने शेत. सरांनी तो उलटसुलट पाहिला.

"ताई, ही तर पंचवार्षिक योजना झाली. यात चित्र कुठंय?"

मी विषयाच्या रकान्यावर बोट ठेवले. तेथे एकच शब्द होता: पाठ.

सर खुर्ची ओढून बसले आणि माझी एसटीतली स्केचेस पुन्हा एकेक करून पाहिली. शेवटी म्हणाले, "विषय चांगला आहे. खरंच चांगला आहे. पण पोर्टफोलिओत एक व्यक्तिचित्र लागतं, ओळखीच्या माणसाचं, प्रत्यक्ष बसवून केलेलं. त्यावाचून पोर्टफोलिओ पुरा धरत नाहीत. तेवढा एक चेहरा करा, बाकी सगळ्या पाठी चालतील."

वर्गात मॉडेल बसवून चेहऱ्याचे अभ्यास मी केले होते. सगळे करतात तसे नाकाचे माप घेऊन, डोळ्यांमधले अंतर मोजून केले होते, आणि गुणही बरे मिळाले होते. पण तो मनुष्य आमच्यासमोर बघून घेण्यासाठीच बसवलेला असे. ओळखीच्या माणसाचा चेहरा वेगळा. त्यासाठी विचारावे लागते.

सरांनी माझी अडचण ओळखली आणि वर्गाला राजूरच्या बाजाराला नेले. "डोंगरातली माणसं येतात. चेहरे बघा एकेक!" मुलांनी उतरल्या उतरल्या मोबाईल काढले. वालाच्या शेंगा घेऊन बसलेल्या एका म्हातारीसमोर आमचा एक विद्यार्थी उकिडवा बसला आणि फोन तिच्या तोंडाजवळ नेऊ लागला. सुरकुत्या फार छान आहेत, असे तो मागे वळून आम्हाला सांगत होता.

म्हातारीने शेंगांचा वाटा त्याच्यापुढे सरकवला. "माझं त्वांड काय बघतो रं? शेंगा बघ की! त्वांडाची भाजी व्हती का?"

सगळा बाजार हसला. तोही हसला आणि त्याने शेंगा घेतल्या. पण फोटो काढल्यावरच. मी त्या म्हातारीच्या मागे, एका पडवीच्या पायरीवर जाऊन बसले आणि उठताना ती पाठीमागे हात टेकून कशी उठते ते काढले. संध्याकाळी सरांनी माझी वही चाळली आणि सुस्कारा सोडला. "ताई, इथंही पाठ?"

मग घरातच माणूस शोधायचे ठरवले. सासूबाईंना विचारले.

"माझं? काढ बाई. हार घालायला पुढं फोटू लागनारच हाय, तेवढंच काम व्हईल." त्या बसल्या खऱ्या, पण बसल्या जागेवरून गोठा, दूध, मांजर आणि रस्त्यावरून जाणारी माणसे सांभाळत होत्या. क्षणभर मान स्थिर नाही. थोड्या वेळाने उठल्या, कागदात डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही कोन म्हातारी? मी न्हाई ही. खोड ते." मला खोडावे लागले. मग जाऊबाई बसल्या. त्यांनी नवे पातळ नेसले, पावडर लावली आणि मी पेन्सिल उचलताच त्यांना हसू फुटले. पदर तोंडात कोंबून त्या इतक्या हसल्या की शेवटी मलाही हसू आवरेना.

"नगं बाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तू अशी टक लावून बघाया लागली की मला सासूच बघती असं वाटतं."

पती सकाळी शेतात आणि दुपारी गावातल्या आपल्या दुकानात. "फोटोवरून काढ," असे सांगून ते सुटले.

तक्त्यावरची तारीख जवळ येत होती. व्यक्तिचित्राचा रकाना तेवढा कोरा होता. एका दुपारी मी ओसरीवर कागद पसरून बसले असताना बाहेर खाकरण्याचा आवाज झाला. मी पदर ओढून कडेला सरले. दादा आले. अंघोळ करून, पांढरा शर्ट, धुतलेली टोपी घालून आले होते. भर दुपारी त्यांना असे धुतल्या कपड्यांत मी सणावाराशिवाय पाहिले नव्हते. म्हणजे कडेने, जेवढे दिसते तेवढे. ते दारातल्या जाऊबाईंना म्हणाले, "तिचं काम आडलंय म्हन्त्यात. मानूस मिळंना म्हनं. मी बसतो म्हनावं."

जाऊबाईंचे तोंड उघडेच राहिले. ज्यांच्याकडे पाहायचे नाही असे ठरलेले, त्यांच्याकडे तास दोन तास टक लावून पाहायचे? नको म्हणायचे तरी कोणाला सांगून म्हणायचे?

मी काही ठरवायच्या आत दादांनी ओसरीवरची खुर्ची उचलली, ती भिंतीच्या अगदी जवळ नेली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. हात मांड्यांवर. एखाद्या कार्यालयात साहेबांपुढे बसावे तसे ताठ.

"आवो, त्वांड हिकडं करा की!" जाऊबाई म्हणाल्या. "चित्र काढायचंय, भिताड न्हाई रंगवायचं."

"मला ठाव हाय," दादा भिंतीला म्हणाले. "ती पाठीच काढती. एसटीत आपल्या पाटलांची काढलीय, मला कंडक्टरनं सांगितलं."

त्यांनी दोन्ही गोष्टी विचार करून जुळवल्या होत्या. मला माणूस हवा होता आणि त्यांना रीत मोडायची नव्हती. शिवाय मी पाठी काढते हे ऐकलेले. तेव्हा चित्रासाठी बसणे म्हणजे असेच बसणे, याबद्दल त्यांना शंकाही नव्हती. मी हसले नाही. मी कागद लावला.

आणि पाहू लागले. या घरात आल्यापासून ज्यांच्या पुढ्यात मी कधी उभी राहिले नाही त्यांना मी प्रथमच निवांत पाहत होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. फवारणीचा पंप वर्षानुवर्षे त्याच खांद्यावर टाकलेला. शर्टालाही ते ठाऊक होते; पट्टा जेथे घासतो तेथे कापड विरले होते आणि जाऊबाईंनी तेथे आतून ठिगळ लावले होते. कॉलरच्या वरची मान काळी आणि रेघारेघांची, खालची एकदम उजळ. टोपीखालून कापलेले पांढरे केस. डावा कान थोडा मागे, कारण उजव्याने कमी ऐकू येते. आतून कोणी बोलले की डोके पुरते न वळवता तो डावा कान तेवढा आवाजाकडे जाई.

"म्हनावं, मान हालती का?" त्यांनी विचारले.

"नाही म्हणावं," मी जाऊबाईंना म्हणाले.

"न्हाई हालत म्हनती," जाऊबाईंनी पोचवले.

असे बराच वेळ चालले. मग दुधाची वेळ झाली आणि जाऊबाई बादली घेऊन गोठ्यात गेल्या. ओसरीवर आम्ही दोघेच उरलो. उन्हाचा पट्टा सरकत त्यांच्या खांद्यावर आला होता आणि त्यांनी नेमके तेव्हाच अंग उजवीकडे कलवले. आणखी थोडे थांबले असते तर ऊन गेले असते. पोचवायला तिसरे कोणी नव्हते.

"थोडं डावीकडं," मी म्हणाले.

लग्नानंतर मी त्यांच्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द. ते डावीकडे सरले. मी रंग लावत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंतीला विचारले, "ह्याच्यावर पास व्हईल का ती?"

"हो," मी म्हणाले.

ते उठून गेले, कागदाकडे न बघता. जाऊबाई परत आल्या, त्यांनी चित्र पाहिले आणि बादली खाली ठेवली. "आगं बाई! माझ्या लग्नाला एवढी वरसं झाली, मी बी कवा एवढं निरखून न्हाई बघितलं." दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितले की दादा सकाळी, घरात बायका नसताना, ओसरीवर येऊन चित्रापुढे उभे राहिले होते. एवढेच म्हणाले, "खांदा पडलाय. बरूबर हाय."

सरांना मी ते दाखवले तेव्हा ते फार वेळ पाहत होते. "हे तुमचं सर्वांत चांगलं काम आहे, ताई," ते म्हणाले. मग मी सगळी हकिकत सांगितली, आणि त्यांचे डोळे चमकले. "अहो, मग तर आता चेहराच करायला हवा! त्यांच्या समोर जाऊन बसा, सरळ डोळ्यांत बघा. तेच तुमचं बंड. सगळा पोर्टफोलिओ पाठींचा आणि शेवटी तो चेहरा. काय जबरदस्त होईल!"

वर्गातली एक मुलगीही म्हणाली, "ताई, हे तर पदराआडचंच चित्र झालं ना. तुम्ही ती रूढी मोडायला नको का?"

त्या रूढीची वकिली मी करत नाही. माझ्या मुलीला मी ती शिकवलेली नाही आणि तिच्या सासरी तिने ती पाळू नये, असेच मला वाटते. मला त्या रूढीने पुष्कळ वर्षे गप्प ठेवले. पण माझे बंड कोणते, हे दुसऱ्याने ठरवून माझ्या तक्त्यात लिहावे, हे मला मान्य झाले नाही. घरच्यांनी सांगितले हौस कर, पदवी नको. मी ऐकले नाही. सर किल्ला ठेवा म्हणाले, मी ठेवला नाही. आता चेहरा काढून धीट व्हा म्हणतात. धीटपणा जर दुसऱ्याच्या सांगण्यावरून आणायचा, तर तो आज्ञाधारकपणाच झाला. त्यात मी आधीपासूनच तरबेज आहे. व्यक्तिचित्राच्या रकान्यात मी लिहिले: थोरले दीर, ओसरीवर, जलरंग.

अंतिम सादरीकरणाला बाहेरून परीक्षक आले होते. वयस्क, मृदू बोलणारे गृहस्थ. पाठी पाहताना ते मान डोलवत होते. दादांच्या चित्रापाशी थांबले.

"हे व्यक्तिचित्र? कोण हे?"

"माझे थोरले दीर."

"ओळखायचं कसं?"

"आमच्या गावात कोणालाही दाखवा, सर. लगेच सांगतील."

ते हसले. "आम्ही तुमच्या गावचे नाही ना."

"चेहरा काढला असता," मी म्हणाले, "तरी तुम्ही त्यांना ओळखलं नसतं."

एवढे बोलल्यावर माझे कान तापले आणि पुढचे वाक्य नेहमीप्रमाणे अर्ध्यावर तुटले. परीक्षकांनी चित्राकडे पुन्हा एकदा पाहिले, मान हलवली आणि कागदावर काही लिहिले. निकालात माझा पोर्टफोलिओ अपूर्ण ठरला होता. व्यक्तिचित्र जोडून पुन्हा सादर करावे, असा शेरा होता. बाकीच्या सगळ्या पाठी स्वीकारल्या होत्या, दादांची तेवढी परत आली.

सर माझ्यापेक्षा अधिक खिन्न झाले. जिन्यात त्यांनी मला हळूच सांगितले, "ताई, हट्ट सोडा. मोबाईलमध्ये घरच्या कुणाचा फोटो असेलच. त्यावरून एक चेहरा करून जोडा. प्रत्यक्ष बसवलं होतं का, हे कोण बघायला येतंय?"

म्हणजे जो मनुष्य प्रत्यक्ष बसला त्याचे चित्र चालत नव्हते आणि जो बसलाच नाही त्याचे चालणार होते. मी नमस्कार करून एसटी पकडली.

घरी लपवण्यात अर्थ नव्हता. पती म्हणाले, "एक तोंड काढून टाक ना, काय जातंय तुझं?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "म्हंजी आमच्या थोरल्याची पाठ नापास झाली व्हय?"

बाहेर खाकरणे ऐकू आले. मी पाठमोरी झाले. दादा उंबऱ्याशी उभे राहिले होते. आत आले नाहीत. जाऊबाईंना म्हणाले, "त्वांड लागत आसंल तर तसं म्हनावं. बसतो मी हिकडं त्वांड करून. तिचं वरीस वाया नगं जायाला."

दादांनी जन्मभर पाळलेली गोष्ट ते माझ्या पदवीसाठी उंबऱ्यात उतरवून ठेवत होते आणि आवाजात कुठे उपकार नव्हता. जाऊबाई माझ्याकडे पाहू लागल्या, निरोपाची वाट बघत. मी निरोप दिला नाही. पदर डोक्यावरच होता, पण मी दाराकडे वळले.

"नको, दादा," मी म्हणाले. "आहे तेच बरोबर आहे."

ते गोठ्याकडे निघून गेले. उजवा खांदा खाली, डावा कान किंचित मागे. मी त्यांना वळणापर्यंत पाहिले.

पुढच्या महिन्यात पुन्हा सादरीकरण आहे. मी नवा तक्ता केला आहे. त्यात काम फारसे नाही. चित्राभोवतीच्या माउंटची कड दुरुस्त करायची आहे आणि दादांचे चित्र शेवटून काढून सर्वांत आधी लावायचे आहे. फोटोवरून चेहरा काढणार नाही. दादांना वळायला लावणार नाही. परीक्षक कदाचित तेच असतील, कदाचित दुसरे असतील, आणि पोर्टफोलिओ पुन्हा परत येईल हेही शक्य आहे. तसे झाले तर मी तिसऱ्यांदा हेच चित्र घेऊन जाईन.

तुम्ही परीक्षकांच्या खुर्चीत असता, तर या चित्राला व्यक्तिचित्र म्हटले असते का?